दोन दिवसांआड नळ आणि डिव्हायडरवर लॉन: परिषदेत नेमकं काय मागावं?

बायपासपलीकडची

आम्ही मूळचे रामबागेतले. मुलं बाहेर गेली, जुनं घर विकलं आणि इंदूरच्या बायपासपलीकडे एका छोट्या नगर परिषदेच्या हद्दीत घर बांधलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, रोज सकाळी माझ्या दिरांच्या दुकानात चहाला असतात, आणि तो चहा चालू राहिलेला बरा.

पुढच्या गुरुवारी परिषदेची बैठक आहे. अजेंडा हाती लागला. विषय चार: १ एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत नळ दिवसाआडच्या ऐवजी दोन दिवसांआड. अंगण किंवा गाडी पाइपाने धुतली तर दंड. नळाला टिल्लू पंप (लाइनमधून पाणी ओढणारी छोटी मोटर) लावलेला सापडला तर कनेक्शन बंद. विषय पाच: मेन रोडच्या डिव्हायडरचं आणि दोन्ही कडांचं 'सौंदर्यीकरण'. कार्पेट लॉन, पाम, चौकात कारंजं. टेंडर म्हणे मार्चअखेर निघालंच पाहिजे, नाहीतर पैसे परत जातील. हे दोन विषय एकाखाली एक टाइप करताना बाबूला काहीच वाटलं नाही का, कोण जाणे.

आमच्याकडे नर्मदेची लाइन पोचली आहे, पण पाणी येतं ते टाकी भरण्यापुरतं. बाकी भिस्त परिषदेच्या बोरिंगांवर, आणि ती मार्च संपता संपता धापा टाकायला लागतात. नळ पहाटे येतो. गल्लीच्या तोंडाशी ज्यांची घरं आहेत त्यांचे हौद अर्ध्या तासात भरतात, कारण बहुतेकांकडे टिल्लू आहे आणि तो सगळ्यांना ऐकू येतो. आमचं घर मधलं, त्यामुळे निभतं. शेवटच्या चार घरांत बायका तोटी काढून, जमिनीलगतच्या पाइपाखाली परात लावून बसतात. दोन दिवसांआड झालं तर त्यांचं काय होणार, हे विषय चारमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

आता डिव्हायडर. स्टँडपासून शाळेपर्यंतचा तुकडा आधीच 'सुंदर' झालेला आहे. मागच्या मे महिन्यात भर दुपारी मी तिथून रिक्षाने जात होते. सिग्नलला थांबलो तर पुढे टँकर. वर एक पोरगा बसलेला, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात जाडजूड पाइप. माती दगडी कठड्याच्याही वर ढिगासारखी रचलेली, त्यामुळे पाणी मुरण्याआधीच दोन्ही बाजूंनी डांबरावर ओघळत होतं आणि डांबरावरून वाफ निघत होती. टँकरच्या मागच्या वॉलमधून, म्हणजे झडपेतून, बारीक धार गळत होती. बाजूच्या वस्तीतली एक मुलगी त्या धारेखाली कळशी धरून उभी. टँकर चार पावलं सरकला की तीही सरकायची. ड्रायव्हर तिला हाकलत नव्हता, एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगते.

मी झाडांच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करते. रस्तारुंदीत आमच्या चौकातली चिंच गेली, तेव्हापासून बसची वाट बघणारी माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी असतात. मला तिथे झाड हवं आहे. पण पाम? पामची सावली कुणाच्या डोक्यावर पडते हो?

कॉलनीच्या रहिवासी संघाने निवेदन लिहायचं काम माझ्याकडे दिलं आहे. आयुष्य बँकेत गेलं, तेव्हा मोघम मागणीचं पुढे काय होतं ते पुरतं ठाऊक आहे. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' लिहिलं की 'योग्य ती कार्यवाही झाली' असं उत्तर येतं. म्हणून विचारते: लॉन रद्द करा म्हणावं की काही पर्याय द्यावा? दोन दिवसांआड नळ खरंच पाणी वाचवतो का? आणि झाडं जगवायची तर कोणत्या पाण्यावर? यांचं मत 'तू या भानगडीत पडूच नकोस' असं आहे. ते वगळून बाकी सगळी मतं हवी आहेत.

पोहेजलेबी

काकू, सोप्पं आहे. कारंज्याचं उद्घाटन होऊ द्या, मग सगळ्या बायका हंडे घेऊन तिथेच लाइन लावा. विषय चार आणि पाच एकदम निपटतात.

गंमत सोडा. तो टँकर रस्त्यावर पाणी सांडताना दिसला की व्हिडिओ काढून १८१ वर तक्रार टाका. सीएम हेल्पलाइनची तक्रार उघडी राहिली की बाबू लोक स्वतः फोन करतात. 'मॅडम, बंद करून टाका ना' म्हणतील. करायची नाही.

जुना पंपवाला

ताई, माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी लॉनचा हिशेब. डिव्हायडर दीड मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब धरा. झाले १५०० चौरस मीटर. आपल्याकडच्या मे महिन्यात लॉन हिरवं ठेवायचं तर चौरस मीटरला रोज सहा लिटर तरी लागतात. म्हणजे दिवसाला ९००० लिटर. शहरी पुरवठ्याचा सरकारी निकष माणशी १३५ लिटरचा आहे. ६६ माणसांचं पाणी झालं. तुम्ही सांगता तसं अर्धं डांबरावर जात असेल तर दुप्पट धरा.

आता दुसरी बाजू, जी तुमच्या संघाला आवडणार नाही. तुमची परिषद दिवसाला २० लाख लिटर सोडते असं समजू. केंद्राच्या निकषात हिशेबाबाहेर जाणारं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं असं आहे. म्हणजे निकष तंतोतंत पाळला तरी ४ लाख लिटर गळती, चोरी आणि फुकट जोडण्यांत जातात. त्या लॉनच्या चौपट-पाचपट नव्हे, चाळीसपटीहून जास्त! आणि छोट्या गावांत निकष पाळला गेलेला मी तरी पाहिला नाही. तेव्हा लॉन बंद झालं म्हणून नळ रोज येईल अशी आशा कुणाला दाखवू नका. बैठकीत एखादा हुशार पार्षद हाच आकडा तुमच्या तोंडावर फेकेल.

तरीही लॉन बंद करा असंच मी म्हणेन, कारण वेगळं आहे. दंडाची पावती हातात घेऊन ज्याच्या दारात माणूस जाणार, त्याने समोरच्या डिव्हायडरवर टँकर पाहिला की तो पावती फाडून टाकतो. मी स्वतः अशा पावत्या घेऊन फिरलो आहे. बंधन आधी कार्यालयाने पाळलेलं दिसलं तरच लोक पाळतात.

दोन दिवसांआडबद्दल विचारलंत. कागदावर जेवढी बचत दिसते तेवढी होत नाही. लोक घाबरून जास्त साठवतात आणि नवं पाणी आलं की जुनं 'शिळं' म्हणून ओतून देतात. शिवाय लाइन रिकामी राहिली की जिथे जिथे गळती आहे तिथून बाहेरचा गाळ आत ओढला जातो. टिल्लू चालू झाला की आणखी जोरात. रिकाम्या लाइनच्या शेजारून गटार जात असेल तर पुढे काय होतं ते सांगायला नको. म्हणून दिवस वाढवण्याऐवजी वेळ कमी करा अशी मागणी करा. दिवसाआडच, पण कमी वेळ, आणि वॉलचं वेळापत्रक वॉर्डवार जाहीर. शेवटच्या चार घरांसाठी मधला वॉल आधी अर्धा बंद करून टोकाकडे दाब द्यायचा असतो. हे वॉलमनला माहीत असतं, सांगणारा कुणी नसतो. नळ आला की पहिलं गढूळ पाणी झाडांना घाला आणि उन्हाळाभर पिण्याचं उकळा.

आणि नर्मदेचं पाणी डिव्हायडरवर अजिबात नको. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, विंध्याचा घाट चढून येतं ते. १९७० मध्ये याच पाण्यासाठी इंदूरकर रस्त्यावर उतरले होते, तेव्हा कुठे १९७८ मध्ये नर्मदा शहरात आली. इंदूर निगमचं पंपांचं वीजबिल महिन्याला वीस-पंचवीस कोटींच्या घरात जातं. ते कमी व्हावं म्हणून २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामांसाठीचे कर्जरोखे) काढले, जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला. एवढ्या खर्चाने वर चढवलेलं पाणी गवताला!

बायपासपलीकडची

दादा, चाळीसपटीचा आकडा वाचून आधी रागच आला, मग वाटलं की हा मीच आधी मांडलेला बरा. समोरच्याच्या हातात कशाला द्यायचा? गळतीचा मुद्दा निवेदनात सगळ्यात वर घेते. पावतीचंही पटलं.

पण मग झाडांना पाणी कुठलं? नर्मदेचं नको, बोरिंगचं मुळातच नाही.

बे एरियातला इंदुरी

मावशी, मी तिलकनगरचा. बरीच वर्षं कॅलिफोर्नियात आहे. तुमची पोस्ट वाचून हसू आलं, कारण हाच विषय आमच्या इथल्या छोट्याशा सिटी काउन्सिलमध्ये मी डोळ्यांनी पाहिला आहे.

१ एप्रिल २०१५ ला गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी दुष्काळाचा आदेश काढला. राज्यभर शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात. त्यात एक कलम थेट तुमच्या कामाचं होतं: रस्त्यांमधल्या डिव्हायडरवरच्या शोभेच्या गवताला पिण्याचं पाणी द्यायला बंदी. राज्यात ५ कोटी चौरस फूट लॉन काढून त्या जागी कमी पाण्याची झाडं लावायची, असंही होतं. आदेश वरून आला, पण कोणतं गवत काढायचं, पैसे कुठून आणायचे, हे गावोगावच्या काउन्सिलना ठरवावं लागलं. आमच्याकडे एक आजोबा माइकवर येऊन म्हणाले, माझं पुढचं लॉन वाळलं, सिटीचं का हिरवं? सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. पंपवाले काका म्हणतात ते अगदी तसंच.

पण तिथे एक भानगड झाली, ती तुम्ही टाळा. गवताचे स्प्रिंकलर बंद केले आणि त्याच गवतात उभी असलेली मोठी झाडं सुकायला लागली. त्यांची मुळं वरवरच पसरली होती, रोज मिळणाऱ्या त्या पाण्यावर वाढलेली. गवत मेलं तर सहा महिन्यांत परत येतं. पन्नास वर्षांचं झाड गेलं की गेलं. मग 'लॉन वाळू द्या, झाडं वाचवा' अशी मोहीम काढावी लागली, झाडाभोवती वेगळी नळी टाकून सावकाश, खोल पाणी द्या म्हणून. तेव्हा निवेदनात 'लॉन बंद' आणि 'झाडं चालू' ही दोन वेगळी कलमं करा. एकत्र लिहिलंत तर ठेकेदार दोन्ही बंद करेल आणि बिल दोन्हीचं लावेल.

पाणी कुठलं, तर प्रक्रिया केलेलं सांडपाणी. इथे त्याचे पाइप जांभळ्या रंगाचे असतात, म्हणजे पिण्याच्या लाइनला चुकून जोडले जाऊ नयेत. नेवाडाने तर २०२१ मध्ये कायदाच केला. लास व्हेगासच्या भागात ज्या गवतावर कुणी खेळत नाही, बसत नाही, त्याला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी मिळणार नाही. डिव्हायडर त्यात पहिले. गवतावर कुणाचं पाऊल तरी पडतं का, एवढंच विचारायचं. मैदान असेल तर पाणी द्या, दोन कठड्यांमधली पट्टी असेल तर नको.

जुना पंपवाला

जांभळ्या पाइपाचा मुद्दा लाख मोलाचा. इंदूरला कबीटखेडीत सांडपाणी शुद्ध करायचा २४५ एमएलडीचा, म्हणजे रोज साडेचोवीस कोटी लिटरचा, प्लांट आहे, असं पाणी बागांना दिलं जातं. देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' (सांडपाणी शुद्ध करण्याबद्दलचं सरकारी प्रमाणपत्र) शहर म्हणून २०२१ मध्ये नाव झालं ते याच कामावर. तुमच्या परिषदेकडे स्वतःचा प्लांट नसेल तर जवळचा जिथे असेल तिथून टँकरने आणायचं.

पण टँकर वेगळा हवा. रंग वेगळा, मागे मोठ्या अक्षरांत 'पिण्यासाठी नाही'. तुम्ही सांगितलेल्या त्या मुलीच्या कळशीत हे पाणी गेलं तर? आज सांडपाण्याचा टँकर, उद्या लग्नाच्या मांडवात तोच टँकर, हे आपल्याकडे होतं. फवाऱ्याने उडवायचं नाही, आळ्यात सोडायचं. आणि पिण्याच्या टँकरच्या वॉलला वायसर बसवायला सांगा, दहा रुपयांचं काम आहे. वस्तीला पाणी हवंच असेल तर तिथे टाकी ठेवून रीतसर द्यावं.

लष्करकर

आम्ही ग्वाल्हेरचे. आमचं सगळं तिघरा धरणावर, १९१६ चं, सांक नदीवर. धरण उतरलं की दिवसाआड पाणी हे आम्हाला नवीन नाही. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे धरणाची पातळी रोज पेपरात येते, चहाच्या टपरीवर लोक फुटांत बोलतात. तुमच्या बोरिंगांची पातळी कुणाला माहीत आहे का? परिषदेच्या दारावर फळा लावून दर सोमवारी लिहायला सांगा. कशासाठी पोट आवळतोय ते दिसलं की माणूस कमी कुरकुर करतो.

चौथा झोन

सगळे लॉनच्या मागे हात धुऊन लागलेत, म्हणून थोडं उलट बोलतो. डिव्हायडर उजाड ठेवला तर धूळ उडते, रात्री समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यात जातो आणि सहा महिन्यांत तिथे होर्डिंगचे खांब उभे राहतात. हिरवळ असली की लोक थुंकतही कमी. इंदूर २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत पहिलं आलं, त्यात रस्ते नीट दिसण्याचा वाटा आहेच. शेजारच्या छोट्या गावांनाही वाटतं की आपण तसं दिसावं. त्यात वाईट काय? काकूंची परिषद निदान काहीतरी करते आहे.

बायपासपलीकडची

वाईट काहीच नाही. दिसावंच. पण एप्रिलपासून जूनपर्यंत दिसावं असा हट्ट का? आणि लाइट डोळ्यात जाऊ नये म्हणून गवत काय कामाचं, ते तर घोट्याएवढं. झुडूप हवं. तुमचाच मुद्दा घेऊन मी झुडपं मागणार आहे, धन्यवाद.

मातीवाला

माझी नर्सरी आहे, म्हणजे लॉन आणि पाम विकून चार पैसे मीही मिळवतो. तरी सांगतो.

पहिलं म्हणजे एप्रिलमध्ये काहीही लावू नका. टेंडर काढायचं ते काढू दे, कामाची तारीख पहिला पाऊस झाल्यावरची टाका. आत्ता खड्डे खणून ठेवावेत, उन्हात तापू द्यावेत. आपली काळी माती उन्हात भेगाळते, त्या भेगांत कोवळी मुळं तटकन तुटतात. आत्ता लावलेलं झाड जगवायला जेवढं पाणी लागेल त्यात जुलैमध्ये लावलेली कितीतरी झाडं जगतील. आपल्याकडे वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, तो फुकटचा आहे.

दुसरं, मातीची पातळी. काकू, तुम्ही ढिगाबद्दल लिहिलंत तोच खरा रोग आहे. डिव्हायडरमधली माती कठड्यापेक्षा वीतभर खाली असायला हवी, परातीसारखी. बघायला उंच ढीग बरा दिसतो म्हणून ठेकेदार भरतो, आणि भरावात निम्मा मलबा असतो. बिल मातीचं. कडेच्या पट्टीत तर कठड्याला मधून मधून खाच ठेवली की रस्त्यावरचं पावसाचं पाणी आपोआप आळ्यात उतरतं.

काय लावायचं? डिव्हायडरवर बोगनवेल आणि टिकोमा, दोन्ही उन्हात फुलतात आणि लाइट अडवतात. कण्हेरही उत्तम, गुरं तोंड लावत नाहीत. पण ती विषारी, शाळेसमोर नको. तारांच्या खाली कांचन, पांढरा चाफा. मोकळ्या कडेला करंज, कडुनिंब, बहावा. बहावा भर उन्हाळ्यात पिवळाधम्मक होतो आणि मूळ धरल्यावर वरचं पाणी मागत नाही. बसथांब्याला करंजच लावा, सावली दाट. गुलमोहर नको, वादळात फांद्या मोडतात. सप्तपर्णी रांगेने लावली की दिवाळीच्या सुमारास वासाने डोकं उठतं. आणि कोनोकार्पस कुणी सुचवला तर हात जोडा. झपाट्याने वाढतो म्हणून सगळीकडे लावला, शेवटी गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी आणली.

पाणी रोज शिंपडायचं नाही. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी एकदा, आळं भरून. झाडाशेजारी कच्चं मडकं पुरून त्यात भरलं तर आणखी कमी लागतं. आणि आळ्यात पालापाचोळ्याचा चांगला जाड थर. आपल्याकडे झाडलोट करून पानं उचलायची एवढी घाई की झाडाच्या बुंध्याशी पान राहू देत नाहीत! ज्या शहरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ मध्ये काम करून 'इंदूर पद्धत' नावाने कंपोस्ट जगभर पोचवलं, तिथे पानं गाडीत भरून ट्रेंचिंग ग्राउंडला, म्हणजे कचरा डेपोला, जातात. असो.

एक राहिलं. पेव्हर ब्लॉक बुंध्याला चिकटवून बसवतात, ते होऊ देऊ नका. दिल्लीत हरित लवादाने २०१३ मध्येच झाडाभोवती एक मीटर मोकळं ठेवायला सांगितलं होतं. निवेदनात लिहा, 'चारी बाजूंनी एक मीटर माती'.

ठेकेदाराचं बिल झाड लावल्यावर नाही, जगल्यावर. थोडं लावताना, बाकी तिसरा उन्हाळा पार केल्यावर, जिवंत झाडं मोजून. हे कलम घातलं की पाम आपोआप कमी होतात. मला विचाराल तर ते माझ्याच पोटावर आहे, पण खरं आहे.

पोहेजलेबी

मातीवाले भिया, तुमचा नंबर परिषदेला देऊ नका, परत टेंडर मिळणार नाही.

बायपासपलीकडची

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून मसुदा केला, आज संघाच्या लोकांना वाचून दाखवला. थोडक्यात असा आहे:

विषय चारला विरोध नाही. पण दिवस वाढवण्याआधी मेन लाइनवरच्या दिसणाऱ्या गळत्या एप्रिलमध्ये दुरुस्त कराव्यात, त्यांची यादी आम्ही जोडत आहोत (सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी जागा लिहून आणल्या, त्यातली एक खुद्द परिषदेच्या फाटकासमोर निघाली!). नळ दिवसाआडच ठेवून वेळ कमी करावी. वॉर्डवार वेळ आणि बोरिंगची पातळी दर सोमवारी फळ्यावर लिहावी. गल्लीच्या टोकाच्या घरांना दाब मिळेल असा वॉलचा क्रम ठरवावा. दंडाची तारीख परिषदेच्या स्वतःच्या टँकरलाही लागू असावी.

विषय पाचमधून लॉन आणि कारंजं वगळावं. आहे ते लॉन वाळू द्यावं, पण त्यातली झाडं वेगळ्या आळ्यांनी जगवावीत. नवी लागवड पहिल्या पावसानंतर, झुडपं आणि देशी झाडं, माती कठड्याखाली, बुंध्याभोवती एक मीटर मोकळं. पाणी फक्त प्रक्रिया केलेलं, वेगळ्या रंगाच्या टँकरने. बिल तिसऱ्या उन्हाळ्यानंतर. बसथांब्यावर करंज, हे मी माझ्या अखत्यारीत घातलं, कुणाला विचारलं नाही.

संघात एकाच गोष्टीवरून वाजलं. टिल्लूवाल्यांचं म्हणणं, पंपाचा मुद्दा आपण कशाला उगाळायचा, तो तर परिषदेचाच आहे. मी म्हटलं, ठीक, उगाळत नाही, पण 'विषय चारला विरोध नाही' हे वाक्यही काढणार नाही. सही करायला तिघांनी नकार दिला. तिघांचीही घरं गल्लीच्या तोंडाशी आहेत. बाकी सगळ्यांनी केली, टोकाच्या चारही घरांनी सगळ्यात आधी.

पार्षदांना दिरांच्या दुकानात आजच दाखवला. लॉनबद्दल काही बोलले नाहीत. कारंजं मात्र अध्यक्षांच्या मनातलं आहे, तेवढं राहू द्या म्हणाले. मी म्हटलं, राहू दे, पण जूनअखेरपर्यंत कोरडं ठेवायचं आणि नंतर त्यात फिरणारं पाणी कुठलं ते ठरावात लिहायचं. 'बघतो' म्हणाले. उद्या निवेदन देणार आहे.

जुना पंपवाला

कारंज्यावर तडजोड करायला हरकत नाही, तेच पाणी फिरत राहतं, उन्हात उडेल तेवढंच जातं. गळतीच्या यादीवर मात्र मागे हटू नका. प्रत्येक जागेचा मोबाइलने फोटो काढून तारखेसह जोडा, फाटकासमोरचा सगळ्यात वर.

निवेदन दोन प्रतींत न्या, एक सीएमओंच्या (मुख्य नगरपालिका अधिकाऱ्यांच्या) नावाने, एक अध्यक्षांच्या. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. बाबू जेवायला गेले असतील तर तिथेच बसा.

बायपासपलीकडची

डबा घेऊनच जाते.